फ्लोअर भरलेला कसा ठेवायचा? डीजे सेटमधल्या ऊर्जेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हळद, संगीत, रिसेप्शन, सोसायटीचे कार्यक्रम, छोटे क्लब अशा ठिकाणी नुकतंच वाजवायला लागलेल्या डीजेंकडून हे प्रश्न सतत येतात. कुठलं यंत्र घ्यावं हा विषय इथे नाही. दोन-तीन तास माणसं नाचती कशी ठेवायची, एवढंच इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: नाचणाऱ्याच्या अंगात दम मोजकाच असतो. तो कधी खर्च होऊ द्यायचा आणि कधी साठू द्यायचा, हे डीजे ठरवतो. बाकीचं तंत्र या एका कामासाठी आहे.

सगळी गाणी जोरकस लावली तर ऊर्जा आपोआप टिकेल ना?

नाही टिकत. उड्या मारायला लावणारी आठ-दहा गाणी सलग आली की पहिली चार मजेत जातात, पुढच्या दोनांत लोक नुसते हात वर करतात, आणि मग पाण्याच्या नाहीतर फोनच्या निमित्ताने एकेक जण निसटतो. दोष गाण्यांचा नसतो. चढ जाणवायला आधी उतार लागतो. मी तीन-चार जोरकस गाण्यांनंतर एक-दोन मोकळी गाणी ठेवतो. मोकळं म्हणजे संथ नव्हे. लय तीच, पण वाद्यांची गर्दी कमी आणि ओळी सगळ्यांना पाठ असलेल्या. पाय जरा विसावतात, तोंड चालू राहतं, आणि माणूस फ्लोअरवरच थांबतो.

न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो या डीजेने १४ फेब्रुवारी १९७० पासून आपल्या राहत्या जागेत ज्या पार्ट्या सुरू केल्या, त्यांना पुढे ‘द लॉफ्ट’ हे नाव पडलं. तो रात्रीचे तीन टप्पे पाडायचा: शांत सुरुवात, मधला कल्लोळ, आणि मग माणसांना हळूहळू जमिनीवर परत आणणं. पुढे तर त्याने गाण्यात गाणं मिसळणं पूर्ण सोडलं. रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजायची, मग दुसरी लागायची. तरी लोक रात्रभर नाचायचे. मिक्सिंग नाही आलं तरी चालतं, असा याचा अर्थ घेऊ नका. पण क्रमाची जाण आधी आणि हाताची सफाई नंतर, हा अर्थ जरूर घ्या.

सुरुवातीलाच सर्वांत मोठं हिट लावून लोकांना ओढून घेऊ का?

हॉलमध्ये अजून पन्नास माणसं असताना तुमचं सर्वांत हुकमी गाणं वाजवलं, तर ते गाणं गेलं. दोनशे माणसं जमल्यावर तेच पुन्हा लावलं तरी त्यात पहिल्या वेळेची झिंग नसते.

आपल्याकडच्या लग्नात फ्लोअरवर आधी लहान मुलं येतात. त्यांना घ्यायला आया येतात, आयांबरोबर मावश्या-आत्या येतात, आणि पुरुष बहुतेक शेवटी. हा क्रम मोडायचा प्रयत्न करू नका, त्याला धरून चाला. पहिली पंचवीस-तीस मिनिटं मुलांना उड्या मारता येतील आणि बायकांना उभ्या-उभ्या ताल धरता येईल अशी गाणी ठेवा. आवाज इतकाच ठेवा की खुर्चीवर बसलेल्यांना शेजारच्याशी बोलता येईल. बसलेला माणूस पायाने ताल धरायला लागला की तो उठणार, हे नक्की. म्हणून या वेळेत माझं लक्ष फ्लोअरपेक्षा खुर्च्यांखालच्या पायांकडे जास्त असतं.

क्लबमध्ये तुम्ही पहिल्या तासाला वाजवणार असाल तर आणखी एक पथ्य आहे. मुख्य डीजेची गाणी त्याच्या आधी वाजवायची नाहीत. तुमच्या तासाच्या शेवटी लोकांना ‘आता खरी सुरुवात होणार’ असं वाटलं पाहिजे. ते साधलं तर तो तास तुमचा झाला.

बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) किती असावा आणि किती वेगाने वाढवावा?

ठरलेला आकडा नाही, पण प्रदेश माहीत हवेत. भांगडा बहुधा ९० ते ११० च्या आसपास असतो, इलेक्ट्रॉनिक प्रकारांत हाऊस १२० ते १२८, ट्रान्स त्याहून वर, ड्रम अँड बेस १७० च्या पुढे. हिंदी-मराठी सिनेमातली नाचाची गाणी ९० ते १३० मध्ये कुठेही असतात, आणि आपली खरी अडचण तीच आहे. हाऊस वाजवणाऱ्याला तीन तासांत पाच-सात बीपीएमचा प्रवास पुरतो. आपल्याला एका रिसेप्शनमध्ये दोन-तीनदा ९५ वरून १२५ ला जावं लागतं.

एका पट्ट्यातली गाणी एकत्र ठेवा. ९५ च्या आसपासची पाच-सहा, मग एकदाच उडी, मग १२५ च्या आसपासची पाच-सहा. दर दुसऱ्या गाण्याला लय बदलली तर नाचणाऱ्याचं शरीर जुळवून घेण्यातच दमतं. पट्ट्याच्या आत गाण्यागणिक एक-दोन बीपीएम वाढवलेले कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण अंगाला कळतात. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवला की सूर एका अर्ध्या स्वराने चढतो. त्यामुळे की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू नसेल तर ओळखीचा गायक चिरका वाटायला लागतो.

उडी मारायच्या वाटा तीन आहेत. निम्मी-दुप्पट लय ही सर्वांत सोपी: ८५ वरून १७० वर गेलात तरी पायाखालचा ताल तुटत नाही. दुसरी म्हणजे एको देऊन जुनं गाणं विरघळू द्यायचं आणि नवं एकदम पहिल्या शब्दावर उचलायचं. मला सर्वांत आवडते ती वाट आपल्या मातीतली आहे. ताशाचा, हलगीचा नाहीतर ढोलकीच्या तोड्याचा छोटा तुकडा लूपवर (पुन्हा-पुन्हा फिरता) घ्यायचा आणि पिच फेडरने (वेगाच्या पट्टीने) त्याची लय सावकाश चढवत न्यायची. ताशा मिरवणुकीत वाजतानाही चढत जातो. महाराष्ट्रातल्या कानाला त्या चढाची सवय आहे, म्हणून तो कुणाला खटकत नाही. १०० वर सुरू केलेला ताशा वीस-पंचवीस सेकंदांत १२० वर नेला तर पब्लिक शिट्ट्या मारतं. तेच एखाद्या इलेक्ट्रॉनिक लूपने केलं तर मशीन बिघडलं की काय असं वाटतं.

कोळीगीतावरून हाऊस किंवा ईडीएमवर (इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीतावर) जाताना प्रत्येक वेळी अडखळतं. का?

कारण मात्रा वेगळ्या आहेत. बरीच कोळीगीतं सहा मात्रांत झुलतात. एका आवर्तनात दोन ठळक ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा. हाऊसच्या ठोक्याच्या पोटात दोन किंवा चार. दोन्ही एकमेकांवर ठेवले की तीन आणि चारची मारामारी होते, आणि पाय थांबतात.

त्यात सॉफ्टवेअर आणखी गोंधळ घालतं. सहा मात्रांच्या गाण्याचा बीपीएम ते बऱ्याचदा चुकीचा मोजतं. नाचणाऱ्याचा पाय मिनिटाला १२० वेळा पडत असतो आणि पडद्यावर १८० किंवा ९० दिसतं. घरी बसून पाय आपटत स्वतः मोजा. पायाचा आकडा १२० आणि पडद्यावरचा १८० असेल तर ग्रिड (सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) दोन-तृतीयांशावर आणा. हळदीचा सेट वाजवणाऱ्याने हे काम एकदा नीट करून ठेवलं की वर्षभर सुख आहे.

मिसळताना ज्या भागात फक्त किक (ठोक्याचा जाड ‘ढम्म’ आवाज) वाजते तो भाग वापरा. नुसत्या किकला पोटातल्या मात्रा नसतात, म्हणून तिच्यावर तीनही बसतात आणि चारही बसतात. हाऊस ट्रॅकचा किकचा इंट्रो कोळीगीताच्या शेवटच्या धृपदाखाली सरकवा, आवर्तन पूर्ण होऊ द्या, गाणं उचला, आणि त्यानंतरच हाय-हॅट (बारीक झांजेचा आवाज) येऊ द्या. उलट दिशेने येतानाही तेच: आधी हाय-हॅट काढा, किक एकटी ठेवा, आणि तिच्यावर कोळीगीताचा पहिला शब्द सोडा. टाळ्या हासुद्धा चांगला पूल आहे. रायगड-ठाणे-पालघरकडच्या आगरी-कोळी हळदीत तर लोक स्वतःच टाळ्या धरतात. तुम्ही संगीत कमी करून टाळ्यांचा ताल पकडला तर पुढचं गाणं त्यांच्याच हातातून सुरू होतं.

जुनी गाणी सिंकला (लय आपोआप जुळवणाऱ्या सोयीला) बसत नाहीत. ती सोडून द्यावीत का?

सोडू नका. आजी-आजोबांना खुर्चीतून उठवणारी तीच गाणी आहेत, आणि त्यांच्याभोवती जो घोळका जमतो तसा नव्या रिमिक्सभोवती जमत नाही. ती सिंकला बसत नाहीत कारण पूर्ण वाद्यमेळ एकत्र बसून, क्लिक ट्रॅकशिवाय (कानातल्या यांत्रिक ठोक्याशिवाय) वाजवायचा. लय माणसाच्या हातात होती, त्यामुळे ती मुखड्यात एक आणि अंतऱ्यात जरा वेगळी असते. अशा गाण्यात सिंक बंद ठेवा. गाण्यात जिथून शिरायचं आणि जिथून बाहेर पडायचं तेवढ्याच दोन जागी ग्रिड बसवा. मिक्स चार-आठ ठोक्यांत आटपा. वेळ असेल तर घरी एडिट करून लय एकसारखी करता येते, पण फार घासूनपुसून सपाट केलं की गाण्याचा डोल जातो, आणि नाच तर त्या डोलावरच असतो.

मिक्स करताना मधेच माहोल का पडतो?

बहुतेक वेळा दोन कारणं: फ्रेज (गाण्याचा बांधलेला तुकडा) चुकली, नाहीतर दोन बेस एकावर एक आले.

इलेक्ट्रॉनिक संगीत बहुधा ३२ ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेलं असतं. १२८ बीपीएमला तो तुकडा बरोबर १५ सेकंदांचा, ९६ ला २० सेकंदांचा. नाचणाऱ्याने हे कधी मोजलेलं नसतं, पण त्याच्या अंगाला माहीत असतं की आता काहीतरी बदलणार. नवं गाणं तुकड्याच्या मधेच घुसलं की ती अपेक्षा फसते. सिनेमातली गाणी मात्र ३२ च्या हिशोबात राहतीलच असं नाही. मुखडा दोनदा, मग म्युझिक पीस, मग अंतरा, आणि मधे एखादी ओळ जास्तीची. तिथे मोजत बसण्यापेक्षा गाणं पाठ असणं बरं. गायक श्वास घेतो ती जागा तुम्हाला ठाऊक असली पाहिजे.

बेसचं म्हणाल तर एका वेळी एकच. येणाऱ्या गाण्याचा लो (बेसचं बटण) पूर्ण खाली ठेवून आणा, आणि नव्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर जुन्याचा लो काढून नव्याचा सोडा. त्याआधी आठ ठोके बेसच नसला तर सोडल्यावर जो धक्का बसतो तो आवाज वाढवून कधीच मिळत नाही. ही युक्ती एका सेटमध्ये चार-पाचदा पुरे. प्रत्येक गाण्याला बेस काढून परत सोडणारा डीजे ऐकला की अर्ध्या तासात लोकांना ती खूण कळते, आणि मग बेस आला तरी कुणी उसळत नाही.

हार्मोनिक मिक्सिंग (पट्टी जुळवून गाणी मिसळणं) शिकायलाच हवं का?

शिकलात तर फायदा आहे. कॅमलॉट चक्रात चोवीस पट्ट्या १-ए ते १२-बी अशा मांडलेल्या असतात. त्याच आकड्यावर राहिलात किंवा एक पाऊल मागे-पुढे गेलात तर सूर भांडत नाहीत. ऊर्जा चढवायची असेल तर दोन पावलं पुढे जा, म्हणजे पूर्ण एक स्वर वर. उदाहरणार्थ ८-ए वरून १०-ए. ही चढण लांब मिक्समध्ये कर्कश लागते, म्हणून ती कटवर (न मिसळता, झटक्यात बदलून) घ्या. पण फ्लोअरला हवं असलेलं गाणं केवळ पट्टी जुळत नाही म्हणून मागे ठेवू नका. बेसूर मिक्सचे चार सेकंद लोक माफ करतात, चुकीच्या वेळी आलेलं गाणं करत नाहीत.

एक गाणं किती वेळ चालवावं?

संगीत-रिसेप्शनमध्ये दीड ते दोन मिनिटं. मुखडा, एखादा अंतरा, पुन्हा मुखडा, आणि बाहेर. क्लबमध्ये चार-पाच मिनिटंही कमी पडतात. मात्र सगळे गळा काढून गात असतील तर घड्याळ बघू नका. आणि तीस-तीस सेकंदांचे तुकडे जोडलेला नॉनस्टॉप पूर्ण सेटभर चालवू नका. माणूस गाणं ओळखतो, नाचायला सुरुवात करतो आणि तेवढ्यात ते संपतं, असं चारदा झालं की तो पाचव्यांदा सुरुवातच करत नाही.

फ्लोअर रिकामा होताना दिसतोय. आता काय करू?

आधी कारण बघा. जेवणाचा काउंटर उघडला असेल, वधू-वर स्टेजवरून उतरले असतील, किंवा फोटोसाठी घरच्यांना बोलावलं असेल, तर तुमच्या गाण्यात काहीही खोट नाही. जेवणाशी स्पर्धा करू नये. आवाज खाली घ्या, ऐकायला छान अशी गाणी लावा आणि हुकमी गाणी सांभाळून ठेवा. जेवून आलेली माणसं लगेच उड्या मारत नाहीत, त्यांच्यासाठी पुन्हा एक छोटी सुरुवात बांधावी लागते.

कारण बाहेरचं नसेल तर घाबरून लगेच गाणं बदलू नका. घाईघाईने केलेला बदल पब्लिकला कळतो, आणि जे उभे आहेत तेही डळमळतात. चालू फ्रेज संपू द्या. मग फ्लोअरवर उरलेत कोण ते पाहा. पाच मुली एकत्र नाचत असतील तर पुढचं गाणं त्या पाच जणींसाठी लावा, निघून गेलेल्यांसाठी नव्हे. उरलेला गट खूश झाला की त्याच्या आवाजाने बाकीचे परततात. बेस थोडा कमी करून गायकाचा आवाज आणि शब्द पुढे आणणं हाही चांगला इलाज आहे. लोक गायला लागले की पाय मागोमाग येतात.

दोन गाणी करूनही काही हललं नाही, तर बाजच बदला. ईडीएम चाललं असेल तर सरळ ढोलकीवर या. अशा वेळी मिक्स गुळगुळीत करायचा नसतो. एक स्पष्ट कट आणि लगेच ओळखू येणारा पहिला सूर, एवढं पुरे. इथेच हॉट क्यू (बटण दाबताच गाण्यातल्या ठरलेल्या जागी नेणाऱ्या खुणा) कामाला येतात. मी प्रत्येक गाण्यात निदान तीन लावून ठेवतो: पहिला शब्द, ड्रॉप (बेस जोरात परत येतो ती जागा) किंवा धृपद, आणि बाहेर पडायची जागा.

फर्माईशींचं काय करायचं?

ऐकून घ्यायच्या, हसून घ्यायच्या, आणि आपल्या वेळेला वाजवायच्या. ‘लावतो, दोन गाणी जाऊ द्या’ हे उत्तर बहुतेकांना चालतं. नवरी-नवरदेवाची आणि घरातल्या मोठ्यांची फर्माईश चुकवू नका. त्यांच्याकडून कार्यक्रमाच्या आधीच आठ-दहा गाणी आणि ‘हे नको’ अशी दोन-चार गाणी लिहून घ्या. ज्या मामांनी तिसऱ्यांदा येऊन तेच सांगितलं, त्यांचं गाणं लागल्यावर ते स्वतः सगळ्या गावाला फ्लोअरवर ओढून आणतात. अशी फर्माईश म्हणजे आयती मिळालेली ऊर्जा आहे.

माइकवर बोलावं का?

कमी. गाण्याच्या पहिल्या ओळीवर आणि धृपदावर कधीच नाही. नावं घेऊन बोलावणं, टाळ्या धरायला लावणं, एवढं चालतं. दर वीस सेकंदांनी ‘आवाज येऊ द्या’ म्हटलं की आवाज यायचा थांबतो.

आवाज वाढवला की ऊर्जा वाढतेच ना?

पहिल्यांदा वाढल्यासारखी वाटते, मग उतरते. कान दमतो. सतत मोठ्या आवाजात कानाला बारकावे कळेनासे होतात, सगळं एकसारखं गोंगाटी वाटतं, आणि माणसं बाहेर का जातायत हे त्यांनाही सांगता येत नाही. मिक्सरचे लाल दिवे पेटलेले असतील तर वाढतो तो आवाज नसतोच, ती तुटलेली लहर असते. तिच्यात बेसचा ठोसा चपटा होतो. सुरुवातीला मास्टर (एकूण आवाज) इतका खाली ठेवा की पुढच्या दोन तासांत तीन-चार वेळा थोडा-थोडा चढवायला जागा उरेल. एकदम दुप्पट मोठं वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. नाचाला तेवढ्याची गरजच नसते, दोन-तीन डेसिबलचा चढ पुरतो. यूट्यूबवरून उतरवलेली गाणी इथे दगा देतात. एक बारीक, एक मोठं, एकाचे वरचे सूर कापलेले. निदान ३२० केबीपीएसची चांगली फाइल विकत घ्या आणि सगळ्या गाण्यांचे गेन (मूळ आवाजाची पातळी) घरी जुळवून ठेवा.

आता जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक दिलं त्यात १५ मिनिटांची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत भिंतीसारखे रचलेले स्पीकर छातीवर आदळतात तेव्हा त्या गर्दीत तान्ही मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत आजारी माणसं असतात. त्याला ऊर्जा म्हणायला मी तयार नाही. लेझरचंही तेच. किरण थेट डोळ्यांत गेला तर आतल्या दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. लेझर लावायचाच असेल तर तो माणसांच्या डोक्यावरून जाईल असा बांधा, किंवा साधे रंगीत दिवे वापरा. नाच त्यांच्यावरही होतो.

रात्री दहाला बंद करावं लागतं. मग सेट कसा बसवू?

शेवटाकडून मागे मोजा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल तर वेगळी तरतूद आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या गावची हळद त्यात धरू नका. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे.

म्हणजे अंगणातल्या हळदीत शिखर साडेनऊच्या आधी आलं पाहिजे. घरच्यांना आधीच सांगा की हळद लावण्याचा विधी लांबला तरी नाचाची वेळ पुढे सरकणार नाही. सातला सुरुवात, पावणेआठपर्यंत मुलं-बायका, आठच्या सुमारास पहिला चढ, मधे जेवणाची पंगत, नऊला दुसरा आणि सर्वांत मोठा चढ, पावणेदहापासून गाण्याची गाणी. ज्यांना ही वेळ ठाऊक असते ते लोक लवकर फ्लोअरवर येतात. बंधनामुळे सेट आवळला जातो, आणि आवळलेला सेट बहुधा सैल सेटपेक्षा चांगला होतो.

यादी ठरवून न्यावी की ऐनवेळी ठरवावं?

गाणी ठरवून न्या, क्रम नको. फोल्डर संगीतप्रकाराप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावा: ‘उठवणारी’, ‘धरून ठेवणारी’, ‘शिखर’, ‘श्वास’, ‘वाचवणारी’. तीन-तीन गाण्यांचे एकमेकांत पक्के बसणारे संच मात्र घरी घोटून ठेवा. ते वाजत असताना तुमचे हात मोकळे होतात आणि डोळे फ्लोअरकडे राहतात. मान खाली घालून स्क्रीनकडे पाहणारा डीजे सर्वांत उशिरा सावध होतो.

गोव्यातल्या ट्रान्स पार्ट्यांत तासन्‌तास लय तीच असते. तिथे कंटाळा का येत नाही?

कारण तिथे बदल लयीत नसतो, थरांत असतो. एक आवाज हळूहळू उघडतो, एक निघून जातो, तालात एखादा नवा दाणा पडतो. १९८० च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर कॅसेटी वापरल्या जायच्या, नंतर डॅट (डिजिटल) टेप आल्या. उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड टिकत नसत, आणि टेपवर लय जुळवायची सोय नव्हती. म्हणून गाणी एकापुढे एक लागायची, आणि त्या संगीताला ठोक्याविना लांब सुरुवात-शेवट मिळाले. तिथला डीजे गोवा गिल, जो २०२३ मध्ये गेला, एकट्याने २४ तास चालणारे सेट वाजवायचा. रात्री गडद, टोकदार संगीत, आणि उजाडताना सुरेल, मोकळं. लांब सेटसाठी हा धडा थेट उपयोगी आहे: लोकांना वेगाने पळवू नका, त्यांच्याभोवतीचा रंग बदलत राहा.

लॅपटॉप अडकला किंवा लाइट गेली तर?

जनरेटरवर जाताना जे काही सेकंद लागतात त्यात सगळं बंद पडतं, म्हणून कंट्रोलर आणि लॅपटॉपला छोटा यूपीएस हवाच. तीच गाणी दोन यूएसबींवर, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून ठेवा. जुन्या प्लेअरनासुद्धा ती चालते. इंटरनेटवरून वाजवण्यावर विसंबू नका, लॉनवर रेंज जाते. फोनमध्ये अर्ध्या तासाचा तयार मिक्स आणि योग्य केबल खिशात असावी. आवाज गेलाच तर शांत उभं न राहता टाळ्या सुरू करा. ढोलकीवाला किंवा बँजोवाले आसपास असतील तर त्यांना खूण करा. अशा दोन मिनिटांत जो जल्लोष होतो तो पुढच्या अर्ध्या तासाला पुरतो.

माझाच दम संपतो. त्याला काय करू?

सेटच्या दोन तास आधी हलकं जेवा, पाणी हाताशी ठेवा, दारू नंतर. कानात फिल्टर असलेले इअरप्लग घाला. हेडफोनचा आवाज वाढवत जायची सवय लागली तर शेवटच्या तासात बेस किती आहे तेच कळत नाही, आणि पब्लिकला नको इतका मिळतो. नाचता आलं तर टेबलामागे थोडं नाचा. लोक तुमच्याकडे बघत असतात.

बंद करताना सगळे ‘अजून एक’ म्हणतात. ते एक कोणतं ठेवायचं?

अडीच-तीन मिनिटांचं, पहिल्या ओळीपासून सगळ्यांना येणारं, आणि त्या रात्री अजून न वाजलेलं. वेळेचं बंधन असेल तर दहाच्या पाच मिनिटं आधीच ‘शेवटचं’ जाहीर करा, म्हणजे या एकाला जागा राहते. ते उड्यांचं नसलं तरी चालेल. गळ्यात हात टाकून गाता येईल असं असावं, कारण त्या वेळी पाय दमलेले असतात आणि गळे नसतात. संपवताना फेडरने विरवू नका, गाणं आपल्या शेवटापर्यंत जाऊ द्या.

पुढच्या वेळी सुधारायचं कसं?

सेट रेकॉर्ड करा, आणि घरच्यांची परवानगी घेऊन फ्लोअरचा, चेहरे ओळखू येणार नाहीत असा, दुरून व्हिडिओ घ्या. दोन्ही शेजारी लावून ऐका-पाहा. तुमच्या कानाला आवडलेला मिक्स आणि गर्दी हललेली जागा या बऱ्याचदा वेगळ्या निघतात. गर्दी कुठल्या मिनिटाला वाढली, कुठल्या मिनिटाला फुटली ते लिहा, आणि त्या मिनिटाच्या आधीची दोन गाणी तपासा. फ्लोअर ज्या गाण्यावर रिकामा होतो, ते गाणं क्वचितच दोषी असतं. लोकांनी निघायचं त्याच्या आधीच ठरवलेलं असतं.